विठोबाला वर्दी



तुमच्या गावात, कदाचित तुमच्या घरातच, असे एखादे माणूस असेल. चपटे नाक, बारीक तिरके डोळे, आखूड मान, जीभ जड. वयाने बाप्या आणि बोलण्यात पोर. गाव त्याला खुळा म्हणते, भोळा म्हणते, आणि सणावाराला कोणी त्याच्या हातावर पुरणाची पोळी ठेवते. आमच्या घरात असे माणूस पंचावन्न वर्षे वावरले. तो माझा थोरला भाऊ. आम्ही त्याला दादा म्हणत असू. त्याला जाऊन आता काही वर्षे झाली. त्याच्याविषयी चार गोष्टी तुम्हांला सांगाव्यात असे पुष्कळ दिवस मनात होते. त्यांतली एक गोष्ट माझ्या खोटेपणाची आहे, म्हणून हात मागे येत होता.

आमचे गाव खटाव तालुक्यात, माळरानाचे. ज्वारी, बाजरी, पाऊस झाला तर घेवडा आणि बटाटा. दादाचा जन्म १९६५ सालच्या श्रावणातला. जन्मतःच पोर लुळे, रडणे क्षीण, दूध ओढता येईना. आई चमच्याने दूध पाजायची. चौथ्या वर्षी तो पाऊल टाकू लागला, सहाव्या वर्षी ‘आई’ म्हणाला. भावकीतल्या बायकांनी निदान केव्हाच करून टाकले होते : हिने ग्रहण पाळले नाही, पोटुशी असताना विळी हातात धरली. आई पुढे म्हातारी होईपर्यंत ते ग्रहण आठवीत असे. कोणत्या दिवशी, काय चिरले, भाजी की कैरी!

आबांनी त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी सांगितले, पोर बारा-पंधरा वर्षांपलीकडे जगायचे नाही, फार जीव लावू नका. आज आपल्याला जे ठाऊक आहे ते त्या वेळी आईला कोणी सांगितले असते तर निदान तिच्या मनावरचे ग्रहण तरी सुटले असते. या अवस्थेचे वर्णन इंग्लंडमधल्या लँग्डन डाऊन नावाच्या डॉक्टरांनी १८६६ साली केले, म्हणून तिला डाऊन सिंड्रोम म्हणतात. कारण मात्र १९५९ साली कळले. आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. या मुलांत एकविसाव्या जोडीत एक जास्तीचे असते. दोनाच्या जागी तीन. बहुतेक वेळा हे गर्भधारणेच्या वेळीच आपोआप घडून जाते. आईचे वय वाढलेले असेल तर शक्यता वाढते, पण तरुण आयांनाही अशी मुले होतात. ग्रहण, विळी, कोणाचा शाप, मागल्या जन्माचे पाप, यांतले काहीही त्यात नाही. तुमच्या शेजारी एखाद्या बाईला असे टोमणे ऐकावे लागत असतील तर एवढे तरी तिच्या सासूला वाचून दाखवा.

जीव लावू नका म्हणून सांगितलेल्या पोराला आईने भरपूर जीव लावला. १९७२ च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. दादा सात वर्षांचा. त्याला घरी ठेवायचे कुणापाशी? तोही तिच्याबरोबर उन्हात. एक लहानसे तांब्याभर पाणी घेऊन तो खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगेतून फिरायचा. कोणी पाणी प्यायले की पुन्हा डेऱ्याकडे. मुकादमाच्या हजेरीपटावर त्याचे नाव नव्हते. पण सुखडी वाटायची वेळ झाली की बायका आपापल्या वाटणीतला कण काढून त्याच्या हातावर ठेवीत. काम करणे म्हणजे काय हे तो तिथे शिकला असे आई म्हणायची. पुढे जनावरांना पाणी दाखवणे, शेण काढणे, वैरण टाकणे, हे सगळे त्याचेच. त्याला चारापलीकडे मोजता येत नसे. तरी संध्याकाळी कळपातली एक शेळी कमी असली की त्याला न मोजता कळे, आणि ती सापडेपर्यंत तो जेवत नसे.

देवाचे वेड त्याला आईकडून लागले. आमच्या देव्हाऱ्यात विठ्ठल-रखुमाईची पितळेची एवढीएवढी मूर्ती आहे. दिवेलागणीला आई दिवा लावायची आणि दादा शेजारी मांडी घालून बसायचा. त्याला आरती पाठ होईना, हरिपाठ तर दूरच. मग आई म्हणाली, ‘तुला येत न्हाय तर राहू दे. आज काय काय झालं ते इठोबाला सांग.’

झाले! त्या दिवसापासून पुढची पंचेचाळीस वर्षे दादा रोज संध्याकाळी विठोबाला दिवसाची वर्दी देत आला. आणि तीही खणखणीत आवाजात, कारण देव लांब पंढरपुरात राहतो, त्याला ऐकू गेले पाहिजे. ‘इठोबा, आज पाऊस न्हाय. कपिलीनं लाथ मारली. आबा आईला बोललं. आई रडली. बाळनं पैसं घेतलं डब्यातलं.’ बाळ म्हणजे मी. घरात चोरून काही करायची सोय उरली नाही. शेजारणी दिवेलागणीला उगाच आमच्या परड्याच्या भिंतीशी रेंगाळायच्या. माझे लग्न झाल्यावर आमच्या घरातून पहिल्याच महिन्यात तक्रार आली की, भाऊजींना कुणीतरी समजावा, माझ्या माहेरचे निरोप ते सगळ्या आळीला ऐकवतात. समजावून काही उपयोग झाला नाही. शेवटी तीच शहाणी झाली. दादाने सांगू नये असे काही बोलायचेच नाही, असे तिने ठरवले. मला काही ते पुरते जमले नाही.

वर्दीच्या शेवटी तो कधी काही मागत नसे. ‘झालं’ म्हणायचा आणि उठायचा.

१९८० साली आई त्याला पहिल्यांदा आषाढी वारीला घेऊन गेली. आमच्या गावची दिंडी लोणंदला माउलींच्या पालखीला मिळते. भावकीने विरोध केला. लाखांच्या गर्दीत हे पोर हरवले म्हणजे? आईला अक्षरओळख नव्हती. तिने माझ्याकडून दादाच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने गावाचे, तालुक्याचे नाव लिहून घेतले आणि अक्षरांवरून लाल दोऱ्याने टाके घातले. पुढे प्रत्येक वर्षी नव्या सदऱ्यावर ते टाके पडत.

आणि तिसऱ्या वर्षी तो हरवलाच. फलटणच्या मुक्कामात आई नळावर गेली, तेवढ्यात हा एका दिंडीच्या टाळांमागे चालू लागला. रात्रभर शोध. दुसऱ्या दिवशी पालखी बरडला आली. ज्यांनी वारी केली आहे त्यांना समाजआरती ठाऊक असेल. मुक्कामाला पालखी पोचली की सगळ्या दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगांचा एकच कल्लोळ चाललेला असतो. मग चोपदार दंड वर करून मोठ्याने ‘होऽऽ’ म्हणतो आणि एवढा अफाट समाज एका क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तीच तेवढी टाळ वाजवत राहते. मग तिची तक्रार ऐकून घेतात. हरवल्या-सापडल्याची हाकही तिथेच दिली जाते : कोणाची पिशवी, कोणाचा टाळ. त्या संध्याकाळी त्या यादीत आमचा दादा होता. सदऱ्यावरचे टाके कोणीतरी वाचले होते. आई धावत गेली. बघते तो हा त्या दिंडीच्या राहुटीपुढे बसून पिठले-भाकरी खात होता. रडलेला नव्हता. उलट आईवरच रागावला. ‘तू हरवली,’ म्हणाला. ‘मी हितंच हाय.’

वारीत त्याला एवढे काय मिळत होते, हे मी बरीच वर्षे समजून घेतले नाही. गावात त्याला माणसांची नावे आठवत नसत. भाच्याला पुतण्या म्हणे, पाटलांना सोनारकाका म्हणे. लोक हसत, मुद्दाम पुन्हा विचारीत, ‘सांग बरं, मी कोण?’ तो गोंधळून मान खाली घाली. वारीत हा प्रश्नच नाही. तिथे ज्याला त्याला हाक एकच, माउली. बाई असो, बाप्या असो, पोलीस असो, चहावाला असो. दादाचे एकही नाव चुकत नसे. तो समोरच्याच्या पाया पडे आणि समोरचा वाकून याच्या पाया पडे. गावात त्याच्या पाया कोण पडणार होते?

रिंगणाचे त्याला फार कौतुक. लोणंद सोडल्यावर चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण होते. पुढे सदाशिवनगरला मोठे गोल रिंगण. पुढचा घोडा स्वाराचा, आणि दुसरा माउलींचा, त्याच्यावर स्वार नसतो. घोडे धावून गेले की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला झेपावतात. दादा ती माती धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणायचा आणि आमच्या बैलांच्या कपाळाला लावायचा. पुढे आमच्याकडे बैल राहिले नाहीत, तेव्हा ती भाड्याच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटला लावली. ट्रॅक्टरवाला आधी ओरडला, मग गप्प बसला.

पाचव्या-सहाव्या वारीत त्याने हट्टाने तुळशीची माळ घातली. दिंडीतले वडीलधारे कचरले. नेम पाळता येतील का याला? आई म्हणाली, त्याला एकदा सांगा, तो विसरायचा नाही. आणि खरेच, एकादशीचा उपवास, मांसाहार वर्ज्य, यांत तो कधी चुकला नाही. पंचांग कळत नसल्यामुळे रोज सकाळी मारुतीच्या देवळात जाऊन ‘आज एकादस?’ म्हणून विचारून यायचा. एकादशीला भुकेने कासावीस झाला की वीस वेळा विचारायचा, ‘झाला का दिवस?’ गावच्या जत्रेला घरोघर बकरे पडायचे, पैपाहुणे यायचे. त्या दिवशी तो देवळाच्या पायरीवर जाऊन बसे आणि आई गूळ-भाकरी तिथे नेऊन देई. पाहुण्यांच्या गळ्याकडे बोट करून मोठ्याने म्हणे, ‘माळ न्हाय?’ आमच्या व्याह्यांना हा प्रश्न सलग सात वर्षे ऐकावा लागला.

तुम्ही म्हणाल, एवढ्या गोड गोष्टी सांगता, मग घरात सगळे गोडच होते का? नव्हते. धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते तेव्हा आम्ही दादाला मळ्यातल्या खोपीत बसवून ठेवले. १९८६ सालची गोष्ट. घराण्यात खूळ आहे असे पाहुण्यांना वाटू नये म्हणून. जेवणे झाली, बोलणी पुढे सरकली, आणि दिवेलागण झाली. दादा वर्दी द्यायला घरी आला. तो कसा चुकेल? सगळ्यांसमोर देव्हाऱ्याशी बसला आणि म्हणाला, ‘इठोबा, आज मला खोपीत ठिवलं. पाहुणं आल्यात.’ पाहुणे निघून गेले आणि पुन्हा काही निरोप आला नाही. त्या रात्री आबा त्याच्यावर हात उगारून गेले, तेव्हा आई मध्ये पडली. पुढचे स्थळ आले तेव्हा तिने दादाला धुतलेला सदरा घालून ओसरीवर पहिल्या जागी बसवले. बहिणीचे लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झाले. त्या घरी तिचे बरे चालले आहे.

आता जमिनीचे. हे मी जरा विस्ताराने सांगतो, कारण शेतकऱ्याच्या घरी हा प्रसंग हटकून येतो. आबा १९९१ साली गेले. अकरा एकर जिरायत. वारसनोंद करायची वेळ आली तेव्हा एका जवळच्या नातेवाइकाने मला बाजूला घेतले. म्हणाले, खुळ्याचे नाव सातबाऱ्यावर कशाला लावतोस? उद्या विकायचे झाले, कर्ज काढायचे झाले, तर सही कोण करणार? खोटे कशाला बोलू, मला ते पटले होते. महिनाभर मी तलाठ्याकडे गेलो नाही. दादाने तेही विठोबाला सांगून टाकले : ‘मामा म्हनला दादाला जमीन नको.’ आई चुलीपुढे होती. ती उठून आली आणि मला एवढेच म्हणाली, ‘त्याच्या वाटणीची चटणी-भाकर तू कुठल्या रानातनं आणणार हाईस?’

मागाहून मला कळले की कायदाही आईच्याच बाजूचा होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात स्पष्ट म्हटले आहे की रोग, व्यंग किंवा विरूपता आहे म्हणून कोणाचा वारसाहक्क जात नाही. आणि ज्याला व्यवहार कळत नाही त्याच्याकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला तर तो कागद टिकणारा नव्हे. सहीची अडचण खरी असते, पण तिला वाट आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा बहुविकलांगता असलेल्या अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमून घेता येतो. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायचा. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पालक झालेल्याने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मिळकतीची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. मी तसा रीतसर पालक झालो. हेलपाटे पडले, नाही असे नाही. याच न्यासाची ‘निरामय’ नावाची एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर एस. टी.च्या भाड्यात सवलत मिळते. आमच्या तालुक्यात कितीतरी घरांतून हे प्रमाणपत्रच काढलेले नसते. पोराला घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभे राहायची लाज वाटते. मला वाटत होती.

डॉक्टरी बाजूही थोडक्यात सांगतो. अशी जवळजवळ निम्मी मुले हृदयातला काहीतरी दोष घेऊन जन्मतात, म्हणून बाळपणीच हृदयाची तपासणी करून घ्यावी. पुष्कळ दोष शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावण्याची शक्यताही अधिक, त्याची रक्ततपासणी ठरावीक काळाने करावी. कान आणि डोळे तपासावेत. ऐकू कमी येते म्हणूनही पोर बोलत नसते. आमच्या दादाला यांतले काही मिळाले नाही. तो जगला हे त्याचे नशीब आणि आईचे कष्ट. आज उपचार मिळाले तर ही माणसे साठीपर्यंत पोचतात.

आई २००४ साली गेली. तिच्यामागे दिंडीतल्या लोकांनी दादाला सांभाळले. वीणेकरी त्याला रोज रांगेत आपल्या नजरेपुढे ठेवीत. मी कधी वारीला गेलो नाही. जेठातल्या वद्य अष्टमीला पालखी आळंदीहून निघते, आणि आमच्याकडे तेच पेरणीचे दिवस. वाफसा सोडून कोण जाणार? हे कारण मी सांगत असे आणि ते खोटे नव्हते.

२०१७-१८ पासून दादा विसरू लागला. गोठ्याकडे जायचा आणि कशाला आलो ते आठवायचे नाही. आमच्या घरातल्यांना ‘आई’ म्हणू लागला. डॉक्टरांनी समजावले की, ज्या एकविसाव्या गुणसूत्रामुळे हे सगळे, त्याच्यावरच मेंदूत साचणाऱ्या एका प्रथिनाचा जनुक असतो. तो एक जादा, म्हणून या माणसांना म्हातारपणचा विसराळूपणा चाळिशी-पन्नाशीतच गाठतो. त्यातच हृदयाची झडप सैल झालेली. चालायचे नाही, असे त्यांनी बजावले.

२०१९ सालची वारी जवळ आली. दादा नाव विसरला, वार विसरला, पण पावसाचे ढग आले की पिशवी काढून बसला. टाळ, धोतर, सदरा. त्याला कसे समजावणार? दिंडी निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला गाडीत घालून बहिणीकडे नेले आणि पाच दिवसांनी परत आणले. तो विचारू लागला, ‘दिंडी?’ मी सांगितले, ‘आवंदा वारी न्हाय, दादा. कुणीच गेलं न्हाय.’ त्याने ऐकून घेतले. संध्याकाळी देव्हाऱ्याशी बसून म्हणाला, ‘इठोबा, आवंदा वारी न्हाय. बाळ म्हनलं. तू वाट बघू नको.’

मी ओसरीवर ऐकत होतो. उठून बाहेर गेलो.

पौर्णिमेचा काला झाला आणि दिंडी परतली. शेजारचे एक म्हातारे, दिंडीतलेच, प्रसाद घेऊन आले. चुरमुरे, बत्तासे, बुक्क्याची पुडी. त्यांना माझे नाटक ठाऊक नव्हते. दादाने पुडी सोडली, बुक्क्याचा वास घेतला आणि कपाळाला लावला. माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. दिवसभर काही बोलला नाही. दिवेलागणीला दिव्यापुढे बसला आणि बराच वेळ गप्प राहिला. मला वाटले, विसरला. मग म्हणाला, ‘इठोबा, वारी व्हती. बाळ खोटं बोललं. त्याला मारू नको.’

वाचकहो, त्या रात्री मी त्याचे पाय दाबत बसलो. तो केव्हाच झोपला होता. त्याला खरे सांगितले असते तर तो रडला असता, आदळआपट केली असती, एखादे वेळी रस्त्याला लागला असता. हे सगळे मी मनाशी घोळवले. पण त्याने आयुष्यात विठोबाला एकच खोटी वर्दी दिली आणि ती माझ्यामुळे दिली, हे काही त्याने बदलत नव्हते.

पुढचे वर्ष २०२०. कोरोनाची साथ, आणि सरकारने पायी वारी बंद केली. मी दादाला पुन्हा सांगितले, ‘आवंदा वारी न्हाय.’ या वेळी ते खरे होते. त्याने मान हलवली. ‘खोटं,’ म्हणाला. आमच्या घरातून सांगून पाहिले, वीणेकऱ्यांना बोलावून आणले. ‘खोटं.’ पिशवी मांडीवर घेऊन रोज उंबऱ्यात बसायचा. ३० जूनला माउलींच्या पादुका आळंदीहून फुलांनी सजवलेल्या एस. टी.तून पंढरपूरला निघाल्या. मी त्याला टीव्हीपुढे बसवले. रिकामा रस्ता, ती गाडी, मोजकी माणसे. तो पडद्याला नाक लावून बघत होता. घोडा शोधत असावा. बऱ्याच वेळाने माझ्याकडे वळून म्हणाला, ‘माउली एस्टीनं?’ मी हो म्हणालो. ‘तिकीट?’ म्हणाला. मला हसू आले, आणि तोही हसला. वर्षभरानंतर माझ्याकडे बघून हसला. त्या संध्याकाळी वर्दीत होते : ‘माउली एस्टीनं येतीया. बाळ खरं बोललं.’

२०२१ च्या माघात, पहाटे, झोपेतच तो गेला. त्या शेवटच्या महिन्यांत वर्दी अगदी तुटक झाली होती. तीस वर्षांपूर्वी गेलेले आबा बाजारला गेल्याचे तो रोज विठोबाला सांगायचा. पण आदल्या संध्याकाळी मात्र त्या दिवसाचेच बोलला होता, कारण दुपारी म्हैस व्याली होती. ‘म्हस व्याली. पारडी हाय. बरी हाय. झालं.’ 

माळेसकट त्याला नेले. टाळ ठेवून घेतला.

त्या वर्षीही पायी वारी झाली नाही. २०२२ साली पालखी पुन्हा रस्त्याला लागली, तेव्हा मी पेरणी मुलावर सोपवून दिंडीबरोबर निघालो. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पहिली वारी. तिसऱ्या दिवशी पायाला फोड आले. बरडला समाजआरतीला उभा होतो. चोपदाराने दंड उंचावला, सगळा समाज गप्प झाला. कोणाची तरी पिशवी सापडली होती, कोणाचा चष्मा. एक अनोळखी म्हातारी माझ्या हातातल्या टाळाकडे बघून म्हणाली, ‘माउली, ह्यो टाळ मी बघितलाय. याच्यासंगं एक भोळं येत व्हतं.’ मी म्हणालो, तो माझा भाऊ. ती माझ्या पाया पडली. मीही वाकलो.

घरी आता दिवेलागणीला मी बसतो. लाज वाटते म्हणून हळू बोलतो. ‘जरा मोठ्यानं सांगा,’ चुलीकडून आवाज येतो, ‘भाऊजी कसं मोठ्यानं सांगायचे.’